क्रीम रंगाची गाडी आणि सदतिसावी टिक

चार वर्षांपूर्वीचा, मे महिन्यातला दुसरा शनिवार, सकाळचे सव्वाअकरा. रक्कम नऊ हजार पाचशे एक डॉलर. जागा इंडियानातल्या एका खेड्यातला ड्राइव्हवे, आपल्या नेपरव्हिलहून दोन तास चाळीस मिनिटांवर. हजर: तुम्ही, मी, गाडी विकणाऱ्या मार्थाबाई आणि त्यांचा म्हातारा कुत्रा. काकू वीस फुटांवर माझ्या गाडीत एसी लावून बसल्या होत्या. "मी या व्यवहारात नाही," असं सांगून आल्या होत्या, पण काच खाली करून सगळं ऐकत होत्या.

काका, वरचा एक डॉलर तुमचा. सौदा साडेनऊ हजारांना ठरला होता आणि तुम्ही बँकेतून चेक आणलात तो एक डॉलर जास्तीचा. मार्थाबाईंनी चेक दोनदा वाचला, घरात गेल्या आणि एक डॉलरची नोट घेऊन आल्या. बँकेची चूक झाली आहे म्हणाल्या. तुम्ही नोट परत दिलीत. त्यांनी पुन्हा पुढे केली. मग तुम्ही त्यांना समजावून सांगितलंत, की चांगल्या कामाचे पैसे आम्ही शून्यावर थांबवत नाही, वर एक ठेवतो, म्हणजे काम पुढे चालू राहतं.

"म्हणजे हा तुमच्या नशिबासाठी?" त्यांनी विचारलं.

"गाडीच्या," तुम्ही म्हणालात.

त्यांनी ती नोट कुत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यात ठेवली. माझ्या मते तो डॉलर वाया गेला. परतताना मी तसं म्हणालोही. तुम्ही ऐकलं नाहीत, कारण तुम्ही पुढच्या गाडीत होतात आणि मी मागून येत होतो.

तुम्हाला जाऊन आज एकोणसत्तर दिवस झाले. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमचा जन्म, शिक्षण, नोकरी, बांधलेले पूल हे सगळं दुसऱ्या कुणी लिहिलं आहे. मी ते वाचून बघितलं. एक सन चुकला होता, तो दुरुस्त करून घेतला. इथे मी त्यातलं काही लिहिणार नाही. मला एक गोष्ट तुम्हाला सांगायची होती, चार वर्षं सांगितली नाही, आणि आता कळलं की तुम्हाला ती तेव्हापासूनच माहीत होती.

हे दुसऱ्या कुणी वाचलं तर कळावं म्हणून गाडीबद्दल चार ओळी. दिसायला ती नव्वद वर्षांपूर्वीची इंग्रज साहेबाची उघडी गाडी. लांब नाक, गोल दिवे, बाजूला पाय ठेवायच्या फळ्या, मागे टांगलेलं जादा चाक. प्रत्यक्षात ती पन्नास वर्षांपूर्वीच्या एका छोट्या जर्मन गाडीच्या सांगाड्यावर बसवलेली फायबरग्लासची बॉडी. असे किट तेव्हा खोक्यांत भरून मिळायचे आणि लोक घरी गॅरेजमध्ये जोडायचे. ही गाडी मार्थाबाईंच्या यजमानांनी तीन हिवाळे खपून जोडली होती. इंजिन मागे. पुढचा रेडिएटर शोभेचा. लांब बॉनेटखाली पेट्रोलची टाकी आणि उरलेली जागा मोकळी. पुढे तुम्ही तिथे छत्री, थर्मॉस आणि चिवड्याचा डबा ठेवायचात. पेट्रोल पंपावर कुणी इंजिन दाखवा म्हटलं, की बॉनेट उघडून चिवडा पुढे करायचात.

तुम्ही जन्मभर चार दारांच्या राखाडी गाड्या घेतल्या. मासिकातल्या रेटिंगचा तक्ता बघून घेतल्या, आणि मलाही तसंच शिकवलंत. पहिल्या हिवाळ्यात तुमच्या बेसमेंटमध्ये राहत होतो, तेव्हा माझी पहिली गाडी आपण दोघांनी तक्ता बघूनच निवडली होती. म्हणून शहात्तराव्या वर्षी तुम्ही फोनवर ही जाहिरात दाखवलीत, तेव्हा मी साहजिकच विचारलं, "ही का?"

"आवडली."

"पण का आवडली? लहानपणी कुणाकडे अशी होती का?"

"नाही."

"कुठे बघितली होती?"

"हे काय, आत्ता बघितली. तुझ्यासमोर."

"काका, काहीतरी कारण असेल ना."

"सतीश, तू इन्शुरन्सचा फॉर्म भरतोयस का?"

हा वाद आपला शेवटपर्यंत संपला नाही. मला अजूनही वाटतं की साडेनऊ हजार डॉलरला कारण लागतं. तुम्हाला वाटायचं की आयुष्यभर कारणं दिली, आता एक गोष्ट बिनकारणाची करायची.

काकूंनी निकाल दिला तो तुमच्या किचनमध्ये, भजी तळताना. पलीकडे फोनवर सिॲटलहून रेवा होती. "बाबा, देअर आर नो एअरबॅग्ज," ती म्हणत होती. "लिटरली झीरो."

"तुझ्या जन्माच्या वेळच्या गाडीत पण नव्हत्या," तुम्ही म्हणालात.

काकूंनी झारा खाली ठेवला. "यांचं मी ऐकणार नाही आणि रेवाचं हे ऐकणार नाहीत. सतीश कारखान्यात पंप तपासतो. त्याने गाडी बघून हो म्हटलं तर घ्या."

"आणि नाही म्हणाला तर?"

"तर भजी खा आणि गप्प बसा."

मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "सतीश, मी तुझ्या शब्दावर सोडतेय हं." हे त्या हसून म्हणाल्या नव्हत्या.

मी चौऱ्याऐंशी मुद्द्यांची यादी केली. सांगाडा, ब्रेक, टायर, पेट्रोलच्या नळ्या, वायरिंग. चेक दिला त्याच्या आदल्या शनिवारी मार्थाबाईंच्या ड्राइव्हवेवर तीन तास दहा मिनिटं तपासणी चालली. गंज शोधायला चुंबक नेलं होतं, ते बॉडीला चिकटेना. "अरे, प्लास्टिक आहे ते," तुम्ही पायरीवर बसून म्हणालात. "बादली तपासतोयस का?" मी गाडीखाली झोपून सांगाड्याच्या प्रत्येक कडेवर टॉर्च फिरवला. ब्रेकची एक नळी बदलावी लागेल, हे मला सापडलं. त्याचे पाचशे डॉलर मार्थाबाईंनी किमतीतून लगेच कमी केले. भल्या बाई होत्या.

सदतिसावा मुद्दा होता स्टिअरिंगचा दांडा. मूळ जर्मन गाडीत ड्रायव्हर बराच पुढे बसतो. या बॉडीत तो मागे सरकतो, म्हणून जोडणाऱ्याला तो दांडा लांब करावा लागतो. कुणी कारखान्यात तयार झालेला लांब दांडा विकत घेतो, कुणी घरीच तुकडा जोडून वेल्ड करतो. कुठला आहे ते डॅशबोर्डखालचं झाकण काढल्याशिवाय दिसत नाही. झाकणाला चार स्क्रू होते. तीन निघाले, चौथ्याची खाच झिजली होती. तो काढायला दुसरं हत्यार लागलं असतं, ते माझ्या गाडीच्या डिकीत होतं, आणि डिकी उघडायला गेलो तर काकूंनी विचारलं असतं की काय झालं. मार्थाबाई लिंबू सरबत घेऊन आल्या होत्या. ऊन वाढलं होतं. मी चाक डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं, तीन स्क्रू परत बसवले आणि सदतीसपुढे टिक केली.

मग उरलेले सत्तेचाळीस मुद्दे नीट तपासले आणि काकूंच्या खिडकीशी जाऊन म्हणालो, "हो."

हीच ती गोष्ट. यादी तुम्ही फाईलला लावून ठेवलीत, चौऱ्याऐंशी टिकांची, खाली माझी सही. त्यातली एक खोटी होती.

घरी आल्यावर काकूंनी गाडीची पूजा केली. ड्राइव्हवेवर नारळ फोडला, तो सुदैवाने काँक्रीटवर. पण मी पाणी आणायला आत गेलो तेवढ्यात त्यांनी क्रीम रंगाच्या बॉनेटवर ओल्या हळदीचं ठसठशीत स्वस्तिक काढलं. मी बाहेर येऊन बघितलं तर हळद वाळत आली होती. मी साबणाने पुसलं, अल्कोहोलने पुसलं. पिवळं स्वस्तिक तिथंच. मी सांगितलं की विकताना यामुळे किमान चारशे डॉलर कमी येतील, आता गाडी झाकून ठेवा, मी कुणाला तरी विचारतो. तुम्ही कव्हर घातलंच नाहीत. रोज ऊन खात फिरलात आणि ऑगस्टपर्यंत तो डाग पार उडाला. हळदीला ऊन सोसत नाही हे काकूंना माहीत होतं. मला सांगितलं नाही, कारण मी त्यांना विचारलं नव्हतं.

हो म्हणताना मी चार अटी घातल्या होत्या. हायवे नाही, पाऊस नाही, अंधार पडल्यावर नाही, आणि दर वेळी घरी आलात की मला मेसेज. तुम्ही एकच शब्द लिहायचात, "गॅरेज". तुम्ही निघालात की काकू मला कळवायच्या आणि मग मी घड्याळ बघत बसायचो. मीटिंगमध्ये, ग्रोसरीच्या रांगेत, एकदा डेंटिस्टच्या खुर्चीत. माझ्या डोळ्यांसमोर तो न बघितलेला दांडा असायचा. "गॅरेज" आलं की श्वास सुटायचा. चार उन्हाळ्यांत असे एकशे एकतीस मेसेज आले. सगळे माझ्याकडे आहेत.

तुम्ही म्हणाल, एवढी धाकधूक होती तर सांगितलं का नाही? सांगणार होतो. गाडी आणल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी हत्यार खिशात घालूनच आलो होतो. तुम्ही गॅरेजमध्ये खोट्या रेडिएटरला पॉलिश करत होता. मी सहज विचारल्यासारखं म्हणालो, "काका, डॅशखाली एकदा बघू या का? स्टिअरिंगचं."

"कशाला? घट्ट आहे."

"तरी पण."

"तुझी तपासणी झाली ना? सही केलीस ना? मग आता गाडीला हात लावायचा नाही. बस, चक्कर मारून येऊ."

तुम्ही इतक्या मजेत होता, की मी हत्यार खिशातच ठेवलं. त्यानंतर दर वसंतात हा विषय मी वेगवेगळ्या नावांनी काढला, वार्षिक तपासणी, सर्व्हिसिंग. दर वेळी तुमचं उत्तर एकच, "गसने बघितलंय." गस म्हणजे पश्चिमेला शेतांच्या बाजूला जुन्या गाड्या दुरुस्त करणारा कुणी म्हातारा, एवढंच मला माहीत होतं.

त्या दिवशीची चक्कर मात्र मला चांगली आठवते. नदीकाठचा रस्ता, ताशी पस्तीस मैल. मका घोट्याएवढा आला होता. काच जेमतेम छातीपर्यंत, त्यामुळे वारा सरळ तोंडावर. समोरून येणारा प्रत्येक माणूस हात हलवत होता, ट्रकवाले, सायकलवाले, लॉन कापणारे. पन्नास वर्षं या देशात राहून आपल्याला इतक्या अनोळखी लोकांनी कधी हात केला नव्हता, असं तुम्ही ओरडून म्हणालात, कारण इंजिनाच्या आवाजात साधं बोललेलं ऐकू येत नव्हतं. मी एका हाताने दाराची कड धरली होती आणि नजर तुमच्या हातांवर होती. तुमचे हात स्टिअरिंगवर अगदी सैल होते.

"सतीश, घड्याळ बघू नकोस," तुम्ही म्हणालात.

"बघत नाहीये."

"मग मनगट का वर केलंयस?"

आपण आइस्क्रीम खाल्लं. मी चव सांगू शकणार नाही. त्याबद्दल आता वाईट वाटतं.

पहिलं वर्षभर काकू त्या गाडीत बसल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी डोक्याला स्कार्फ बांधून बसायला लागल्या आणि तिसऱ्या वर्षी बॉनेटखालचा चिवडा संपला की त्याच आठवण करायला लागल्या. एकदा तुम्ही दोघं हायवेवर चढलात. एक एक्झिट, साडेतीन मैल. मला ते काकूंकडून सात महिन्यांनी कळलं. मी तुमच्याशी चार दिवस बोललो नाही. तुम्ही पाचव्या दिवशी फोन करून विचारलंत, "अटी मोडल्याबद्दल दंड किती?" मी हसलो नाही. हसायला हवं होतं, पण मला तेव्हाही तो दांडाच दिसत होता.

जानेवारीत तुम्ही नऊ दिवस हॉस्पिटलमध्ये होता. न्यूमोनिया. चौथ्या मजल्यावरच्या त्या खोलीच्या खिडकीतून बर्फाने भरलेला पार्किंग लॉट दिसायचा. गाडी घरी होती, बॅटरीची वायर काढलेली, चाकांखाली लाकडी ठोकळे. शेवटच्या दिवशी दुपारी डॉक्टर काकूंना बाजूला घेऊन बोलत होते आणि मला कळलं की आता फार वेळ नाही. त्या क्षणी मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहितो. मला सुटल्यासारखं वाटलं. हे गाडीने झालं नाही. माझ्या हो म्हणण्याने झालं नाही. तुमचे हात पांघरुणावर होते, स्टिअरिंगवर नव्हते. रडू त्यानंतर आलं, बऱ्याच वेळाने, पार्किंग लॉटमध्ये बर्फ खरवडताना. एखाद्या माणसाचा शेवट जवळ आलेला असताना सुटका वाटावी, हे मी बायकोलाही आठवडाभर सांगू शकलो नाही. सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग तसंच लिही की त्यांना." म्हणून लिहितोय.

तेराव्यानंतर रेवा म्हणाली, "आई, सेल द हाउस. कम टू सिॲटल." काकूंनी तिला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मला बोलावलं. "मला इथंच राहावंसं वाटतं. एकटीने जमेल का, तू घर बघ आणि सांग. तू हो म्हणालास तर मी रेवाला कळवते." मी घर बघितलं. चौदा पायऱ्या, दोन्ही बाजूंना कठडा. घर गरम ठेवणारा फर्नेस सहा वर्षांचा. बर्फ काढणारा माणूस भरवशाचा. शेजारी दाराची किल्ली ठेवायला तयार. एकावन्न मुद्दे, सगळे ठीक, आणि सगळे या वेळी खरोखर बघितलेले. तरी माझ्या तोंडून हो निघेना. पुन्हा माझ्या शब्दावर कुणाचा जीव टांगायचा नव्हता. "थोडा वेळ द्या," म्हणालो. पाच आठवडे हेच म्हणत राहिलो. रेवाने तोवर तिकडच्या एजंटशी बोलायला सुरुवात केली होती.

दरम्यान काकू म्हणाल्या, गाडी विकायची की ठेवायची ते पुढे बघू, पण आधी तिची स्थिती काय आहे ते कळू दे. तुमच्या फोनमधून मी गसचा नंबर काढला. मार्चअखेर, बर्फासाठी रस्त्यांवर टाकलेलं मीठ धुऊन गेल्यावर, मी गाडी टो ट्रकवर चढवून त्याच्याकडे नेली. गस ऐंशीच्या घरातला, कमरेत वाकलेला, शेताच्या कोठारात काम करणारा. ट्रकवरून उतरणाऱ्या गाडीकडे तो बघत राहिला.

"चालत नाही का?"

"चालते."

"मग ट्रकवर का?"

"मला स्टिअरिंगची खात्री नव्हती."

तो माझ्याकडे वळून म्हणाला, "यादीवाला तूच का?"

मी हो म्हटलं. त्याने आतून बिलबुक आणलं, कार्बन कॉपीचं, पानं चिकटलेलं, आणि शोधत शोधत एक पान माझ्यापुढे धरलं. गाडी विकत घेतल्यावर तेराव्या दिवसाची तारीख. स्टिअरिंगचा नवा दांडा आणि कपलिंग दोनशे चौऱ्याहत्तर. मजुरी चार तास, तीनशे चव्वेचाळीस. एकूण सहाशे अठरा. रोख मिळाले.

"त्याच्या हाताला कळलं होतं," गस म्हणाला. "चाक अंगठ्याएवढं फिरायचं आणि गाडीला पत्ता नसायचा. झाकण काढलं तर आत घरगुती वेल्डिंग. त्याला केसाएवढा तडा."

"तुटलं असतं?"

"त्या दिवशी नाही. कधीतरी. वळणावर की घरासमोर, ते मी सांगू शकत नाही."

गसने बिलबुक मिटलं.

"मी त्याला म्हटलं, ज्याने तपासली त्याच्याकडून पैसे घे. तर म्हणाला, त्याला कळता कामा नये. कळलं तर तो पुन्हा कुणाला कशालाच हो म्हणणार नाही."

मी गाडीच्या पायफळीवर बसलो. ती माझ्या वजनाने वाकेल असं मला नेहमी वाटायचं. वाकली नाही. बसल्या बसल्या हिशेब केला. तेरा दिवस, घरी आणतानाचा लांबचा रस्ता आणि वर पाच फेऱ्या, शहाण्णव मैल, एवढ्या काळात तुम्ही खरोखर धोक्यात होता आणि तो धोका माझा होता. ते मी कमी करून सांगणार नाही. पण चौदाव्या दिवसापासून गाडी चांगली होती. डेंटिस्टच्या खुर्चीत मी घाबरलो होतो, तेव्हाही चांगली होती. हायवेवर चांगली होती. मी हत्यार खिशात घालून आलो त्या दिवशी तुम्ही "घट्ट आहे" म्हणालात, ते खरं होतं, चार-पाच दिवसांपूर्वीच घट्ट केलं होतं. नदीकाठी तुमचे हात सैल होते त्याचं कारण मी तुमचा निष्काळजीपणा समजत होतो.

मला तुमचा रागही आला. तुम्ही सांगायला हवं होतं. ज्याने चूक केली त्याला चूक कळली पाहिजे, नाहीतर तो सुधारणार कसा? कारखान्यात मी हेच सगळ्यांना सांगतो. यावर तुम्ही काय म्हणाला असता याचा मी अंदाज करू शकतो, पण तुमच्या वतीने लिहिणार नाही. हा वाद उघडाच राहू दे. तुम्ही मला माफ केलंत आणि कळवलं नाहीत, हे मला पूर्ण पटलेलं नाही. आणि तरी, काका, त्या पायफळीवर मला जितकं हलकं वाटलं तितकं गेल्या चार वर्षांत वाटलं नव्हतं.

गसने त्या दिवशी पुन्हा सगळं तपासलं. पैसे घेतले नाहीत, म्हणाला काही केलंच नाही. येताना मी गाडी स्वतः चालवत आणली. बावीस मैल. चौघांनी हात केला, मी तिघांना परत केला. चौथ्याच्या वेळी गिअर बदलत होतो.

रविवारी काकूंकडे गेलो आणि सरळ सांगितलं. सदतिसावा मुद्दा, चौथा स्क्रू, टिक, तेरा दिवस, गसचं बिल. काकूंनी मधे अडवलं नाही. चहा गार झाला.

"म्हणजे तू चुकला होतास," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि यांना माहीत होतं."

"हो."

"मला दोघांनी सांगितलं नाही."

"नाही."

त्या खिडकीतून ड्राइव्हवेकडे बघत म्हणाल्या, "तेरा दिवसांत एकदा आइस्क्रीम आणायला गेले होते. येताना रस्ता चुकले म्हणून उशीर झाला, म्हणाले. रस्ता कसले चुकतायत. थांबले असतील चाक बघत." पदराने डोळे पुसले. रागावल्या आहेत की नाहीत ते मला कळेना.

"काकू, रागावा तुम्ही."

"रागावलेय. उद्यापर्यंत रागावेन. तू बस."

मी खिशातून चेक काढला. समजावून सांगितलं की त्या दिवशी मी झाकण काढलं असतं, तर मार्थाबाईंनी ब्रेकच्या नळीसारखेच हेही पैसे किमतीतून कमी केले असते. ते तुमच्या खिशातून गेले ते माझ्यामुळे. म्हणून ही रक्कम माझ्याकडून येणं आहे. मला वाटलं होतं की त्या नको म्हणतील, आणि मग मला आग्रह करावा लागेल. त्याची मी तयारीही करून गेलो होतो.

"दे," काकू म्हणाल्या. "तुला बरं वाटणार असेल तर घेते. आणि तसे ते तुझेच निघतात." चष्मा लावून रक्कम वाचली, चेक फ्रिजवर चुंबकाखाली लावला आणि परत येऊन समोर बसल्या.

"आता माझं सांग. घराचं."

"काकू, आत्ताच सांगितलं ना, मी चुकतो म्हणून."

"ऐकलं मी. एकदा चुकलास. या घरातलं सगळं बघितलंस का?"

"एकावन्न. झाकणं काढून."

"मग?"

"राहा," मी म्हणालो. "राहा तुम्ही इथं."

त्यांनी तिथेच बसून रेवाला फोन लावला. तिकडून रेवा म्हणाली, "सतीशदादा सेड यस? ही नेव्हर सेज यस." काकू म्हणाल्या, "म्हणतो तो. वेळ लागतो त्याला."

सहाशे अठरा डॉलर, काकूंच्या नावे, चेकने दिले. गुरुवारी वटला.